उतारूंची गाडी आणि आमची चूल

ये गं, अशी जवळ सरक. कागदातून का होईना, पण जवळ बैस आणि आधी थोडी बोलणी खा. ठाणं म्हणजे काही काशी नव्हे. कल्याणाहून सकाळी आगगाडीत बसलेला माणूस ठाण्याच्या कचेरीतलं काम उरकून जेवायला घरी परत येतो, आणि तुला आजीकडे यायला गौरी-गणपतीपासून सवड सापडत नाही. वर पत्रात लिहितेस काय, तर 'आजी, तुमच्या त्या गाडीतल्या घराची गोष्ट नीट लिहून पाठव, इथे सासरी कुणाला ती खरी वाटत नाही.' म्हणजे नातीला यायचं नाही, आजीनं मात्र बसून लिहायचं. बरं, लिहिते. मला अक्षरं आली तीही त्या गाडीतच, औषधांच्या पेटीवरच्या चिठ्ठ्या वाचून वाचून. तेव्हा ऱ्हस्वदीर्घ तुझं तू पाहून घे.

तुझे आजोबा तेव्हा देवी काढण्याच्या खात्यात होते. ठाण्याहून हुकूम आला की दिवाळी आटोपून निघायचं, ते मुरबाड, शहापूर या बाजूची गावं पालथी घालून शिमग्याला परत. गावोगाव पोरांच्या दंडाला टोचायचं, वहीत नावं लिहायची, आठवड्यानं पुन्हा जाऊन फोड नीट धरला का ते पाहायचं. टोचण्यात त्यांचा हात असा हलका की मूल रडायचं ते टोचून झाल्यावर, आठवण झाली म्हणून. पण तोच हात चुलीपाशी गेला की काही विचारू नकोस. सोवळ्यात, स्वतःच्या नाहीतर घरच्या बाईच्या हातानं शिजवलेलंच खायचं, ही घरची शिस्त. आणि त्यांच्या हातचं म्हणजे खाली करपलेला नि वर कच्चा भात. दोन दिवस तो खायचे, तिसऱ्या दिवसापासून पोहे आणि पाणी.

पहिल्या वर्षी परत आले तेव्हा बंडी अंगावर लोंबत होती. दुसऱ्या वर्षी ताप घेऊन आले. तिसऱ्या वर्षी मुरबाडच्या एका गाडीवानानं त्यांना गाडीत आडवं घालून दारात आणून सोडलं. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, सासूबाईंना पडवीत बोलावलं आणि सांगितलं, की औषध मी देतो, महिन्या-दोन महिन्यांत उभाही राहील, पण असा आणखी एक हिवाळा या पोटाला सोसायचा नाही. मी दाराआड उभी होते. सतरा वर्षांची होते मी. नोकरी सोडावी तर घर कशावर चालायचं, आणि करावी तर माणूस जातो.

उपाय काय तो मला तिथल्या तिथे दिसला. त्यांच्याबरोबर मीच जायचं आणि रांधायचं. यात कठीण काय आहे, असं तुला वाटेल. पण तेव्हा सासूबाईंना हे सांगायचं कुणी? शेवटी यांनीच एकदा जेवताना आडून आडून विषय काढला. सासूबाईंनी वाढता वाढता सांगून टाकलं, की आपल्या घरच्या बायका रस्त्यावर निजत नाहीत. झालं, विषय संपला. हे ताक पिऊन उठले.

सासूबाई वाईट नव्हत्या हो. आधी त्यांची एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या कल्याणातल्या घराच्या भावाभावांत वाटण्या झाल्या, तेव्हा यांच्या वडिलांच्या वाट्याला ईशान्येकडची बाजू आली. मध्ये भिंत पडली, आणि चूल मांडायला जागा उरली ती नेमकी ईशान्येच्या कोपऱ्यात. ईशान्य ही देवाची जागा. विस्तवाची जागा आग्नेयेला, पूर्व आणि दक्षिण यांच्या मधल्या कोपऱ्यात. ती तर भिंतीपलीकडे सासूबाईंच्या जावांकडे गेलेली. पुढं सहा वर्षांत सासूबाईंचे दोन मुलगे गेले आणि मग सासरे गेले. त्यांच्या मनानं घेतलं, की त्या चुलीनं नेले. रोज पहाटे त्याच चुलीत लाकूड सारायचं आणि रोज तिला मनातल्या मनात शिव्या द्यायच्या, असं त्यांचं चाललेलं. आता उरलेल्या एका मुलावर वैद्यबुवांनी बोट ठेवलं होतं.

तीन-चार दिवसांनी तांदूळ निवडता निवडता त्या आपण होऊन म्हणाल्या, "बाई घरात राहते. मग घर कुठंही का असेना. पण ते घर हवं. चूल हवी, तुळस हवी, उंबरा हवा. कापडाचं पाल नको, धर्मशाळा नको. आणि चूल आग्नेयेला."

बस, एवढाच धागा मिळाला, आणि आम्ही तो धरला.

यांना घेऊन आलेला तो मुरबाडचा गाडीवान मधूनमधून चौकशीला यायचा. त्याची एक मोठी उतारूंची गाडी होती, स्टेशनपासून मुरबाडपर्यंत माणसं नेणारी. दोन्ही बाजूंना लांब बाकं, वर छप्पर, दहा माणसं दाटीनं बसायची. पण पुढं त्या रस्त्यावर हलके टांगे आले आणि लोकांना घाई झाली. गाडी नुसती उभी होती. यांनी विचारल्यावर त्यानं गाडीही दिली आणि हिवाळाभर स्वतः हाकायचंही कबूल केलं. जेठ महिन्यात त्यानं ती आमच्या अंगणात आणून उभी केली. गाडीचं तोंड फाटकाकडे, म्हणजे मावळतीला. चढायची वाट मागून, म्हणून दार आपोआप उगवतीला आलं. सासूबाईंना तेवढ्यानंच निम्मं घर पटलं.

निम्मं म्हणजे काय, वास सोडून. दहा वर्षांतले सगळे उतारू त्या फळ्यांत मुरले होते. तंबाखू, सुके बोंबील, पानाच्या पिचकाऱ्या. मी राखेनं घासलं, चिंचेच्या पाण्यानं घासलं, ताकानंसुद्धा घासलं. शेवटी सुतार आला तेव्हा त्यानं सगळ्या फळ्यांवरून रंधा फिरवला आणि गाडी आतून पुन्हा लाकडाच्या रंगाची झाली.

सुतार बाळकुमचा, मचव्यांची कामं करणारा आगरी. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, डागडुजीसाठी तो खाडीखाडीनं कल्याणच्या बंदरापर्यंत यायचा. गाडीचं काम त्याचं नव्हे. पण घरातल्यासारखं सगळं थोड्या जागेत बसवणं त्याच्यासारखं कुणाला यायचं नाही, असं गाडीवानाचं म्हणणं. पहिल्या दिवशी त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सासूबाईंना विचारलं, "आये, ही गारी हाय का घर हाय, ता आदी सांगा. मंग मी हात लावतो."

सासूबाई म्हणाल्या, "घर आहे असं धरून चाल."

"मंग घरच करतो," तो म्हणाला. हा प्रश्न त्यानं उगाच विचारला नव्हता, पण आम्हाला ते कळायला दसरा उजाडला.

चुलीचा कोपरा सासूबाईंनी स्वतः आखला. सकाळच्या उन्हात गाडीत उभ्या राहिल्या, सूर्याकडे तोंड केलं, उजव्या हाताच्या कोपऱ्यात गेरूचं बोट लावलं. ती आग्नेय. डाव्या हाताच्या कोपऱ्यात अक्षता ठेवल्या, ती ईशान्य, देवांची. दारातून आत शिरलं की डावीकडे चूल, उजवीकडे देव.

मग सुरू झालं ते चार महिने चाललं. अंगणात गाडीवर पेंढ्याचा मांडव घातला होता. बाहेर पाऊस आणि आत ठोकाठोक. उतारूंची बाकं तोडायची नाहीत, असं सुतारानं ठरवलं. त्यांच्याखाली त्यानं पेट्या केल्या, वर झाकणं. दिवसा आत तांदूळ-डाळी, निजताना वर वाकळ. छपरावर जुन्या शिडाचं कापड ताणून बसवलं. त्यावर तो होडीला लावतात ते माशाचं तेल चोपडायला निघाला, तेव्हा सासूबाई मधल्या दारातून धावत आल्या. शेवटी राळ आणि करंजेल लावलं. सुतार आठवडाभर कुरकुरत होता, की या तेलाला पाऊस काय भिणार.

चुलीनं सगळ्यांना रडवलं. मातीची चूल करायची, वाळू द्यायची, मग गाडीवान बैल जुंपून गाडी अंगणात दोन हात पुढं, दोन हात मागं हलवायचा, की चुलीला चीर. अशा दोन चुली फुटल्या. तिसऱ्या वेळी सुतार मचव्यावर असते तशी लाकडी पेटी घेऊन आला. तिच्यात वाळू, वाळूवर माती, आणि मातीत रुतवलेले तीन दगड. धक्का बसला तर वाळू हलते, चूल हलत नाही. पण त्यानं ती पेटी बसवली गेरूच्या खुणेपासून वीतभर अलीकडे. सासूबाईंनी ती उचकटून पुन्हा खुणेवर ठेवायला लावली. उंबराही झाला, चार बोटं उंच. तुझे आजोबा आत शिरताना रोज त्याला ठेचकाळायचे, आणि सासूबाई रोज म्हणायच्या, की घरात पाय उचलून यावं.

गाडीवान या सगळ्याकडे बिडी ओढत बघत असायचा. एकदा पाण्याची तांब्याची घागर, जातं आणि पाटा-वरवंटा आत चढताना पाहून तो यांना म्हणाला, "दादा, उतारू चढावर खाली उतरून चालतात. हे घर उतरणार नाही, एवढं लक्षात ठेवा." त्यावर जातं काढलं. पाटा राहिला, तो काढू द्यायला मी तयार नव्हते. तरी सगळा भार पाहून चाकांचा जुना कणा बदलावा लागला, आणि त्यांच्या लोखंडी धावा लोहाराकडून पुन्हा चढवून घ्याव्या लागल्या. त्यात आणखी पंधरा दिवस गेले. मी रोज दिवाळीचे दिवस बोटांवर मोजत होते. गाडी वेळेत झाली नाही, तर हे एकटे जाणार होते.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. सासूबाई म्हणाल्या, "एक दिवस मी राहून बघते. मला घर वाटलं तर जा. नाही वाटलं तर विषय काढायचा नाही." म्हणून दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. डोंबिवलीला जायचं ठरलं. दोन-अडीच कोसांवरचं लहानसं गाव, तळं चांगलं, सावली चांगली. तिथं स्वयंपाक करायचा, जेवायचं, नि उन्हं उतरली की परत. आत मी आणि तांबड्या आलवणातल्या सासूबाई, पुढं गाडीवानाशेजारी हे. दोन्हीकडे भाताची शेतं पिवळी झालेली. मागच्या दाराला टांगलेली तुळस गाडीबरोबर हलत होती. मला असं वाटत होतं की मी माहेरीच निघाले आहे.

पोचलो तेव्हा दिवस चांगला वर आला होता. गाडीवानानं तळ्याकाठी आंब्याखाली गाडी उभी केली, जशी रस्त्यानं आली तशीच, तोंड दक्षिणेला. हे पाय धुवायला उतरले. मी सोवळं नेसले, पाणी भरलं, तांदूळ धुतले, दाराकडे तोंड करून चुलीसमोर पाटावर बसले आणि काटक्या रचल्या. सासूबाई बाकावर बसून जप करत होत्या. त्यांची माळ थांबली.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "तुझ्या तोंडावर ऊन का नाही?"

मी म्हटलं, "ऊन पाठीवर येतंय." आणि बोलता बोलता माझ्या हातातली काटकी तशीच राहिली.

घरी अंगणात मी त्याच पाटावर बसून पाहायची, तेव्हा सकाळचं ऊन डोळ्यांत यायचं. आता दाराबाहेर उत्तर होती. म्हणजे माझा कोपरा कुठला? बोटानं हवेत दिशा काढून पाहिल्या. चार महिने आग्नेय आग्नेय करून, सुताराला पेटी वीतभर सरकवायला लावून, आम्ही ती चूल आणून ठेवली होती ईशान्येला. घरच्या चुलीच्या अगदी त्याच कोपऱ्यात.

आता हसू येतं. गाडी वळणार, आणि गाडी वळली की दिशाही वळणार, हे चार शहाण्या माणसांना चार महिन्यांत एकदाही सुचलं नाही. आम्ही घर बांधत होतो ना. घर कुठं वळतं?

पण तेव्हा कुणी हसलं नाही. सासूबाई उंबरा ओलांडून खाली उतरल्या आणि तळ्याकडे तोंड करून जाऊन उभ्या राहिल्या. हे दाराशी आले. माझ्याकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, आणि त्यांनाही कळलं. मग अगदी हळू म्हणाले, "तू आईजवळ राहा. मी पाल घेऊन जाईन. जमेल मला." त्यांचा तो कच्चा-करपलेला भात माझ्या डोळ्यांपुढं आला, आणि मला वैद्यबुवांचा पडवीतला आवाज ऐकू आला.  

किती वेळ गेला कुणास ठाऊक. थोडाच गेला असेल, कारण निवांत बिडी ओढून उठलेला गाडीवान अजून बैलच सोडत होता. सासूबाई वळून आल्या, पण गाडीत चढल्या नाहीत. त्याला म्हणाल्या, "बैल सोडलेस का रे?"

"एक सोडला, आजी. दुसरा सोडतो."

"सोडलेला पुन्हा जुंप. आणि गाडी फिरव."

त्यानं आधी यांच्याकडे पाहिलं. हे आईकडे बघत होते. मग त्यानं बैल जुंपला आणि आंब्याला वळसा घालायला लागला. सासूबाई कपाळावर हात धरून उन्हात उभ्या, म्हणताहेत अजून थोडी, अजून. घागरीतलं पाणी हिंदकळून माझ्या पायावर सांडलं. तुळस गरकन फिरली. आणि एकदम दारातून ऊन आलं, ते थेट माझ्या डोळ्यांवर. मी डोळे मिटून घेतले, ते थोडे उन्हानं आणि थोडे दुसऱ्याच कशानं.

"बस्स. आता सोड," त्या म्हणाल्या.

मग पदरानं कपाळ पुसत वर आल्या, बाकावर टेकल्या, माळ हातात घेतली. चुलीकडे पाहिलं. म्हणाल्या, "घर फिरवता येतं हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर मी इतकी वर्षं त्या भिंतीशी भांडले नसते." आणि लगेच, "भात टाक. त्याला भूक लागली असेल."

त्या दिवशीचा भात कसा झाला होता ते मला आठवत नाही. यांना आठवतो. ते म्हणतात, मीठ नव्हतं.

परत आल्यावर सुताराला हे सांगितलं, तर तो पोट धरून हसला. "मी पयलेच दिशी इचारलेला, आये," तो म्हणाला. "मचव्यान चूल रोज फिरते. आमी कंदी बगलाच नाय." सासूबाई त्याला म्हणाल्या, की तुमचं तुमच्यापाशी, आमची रोज बघून फिरेल. आणि तो नेम ठरला: बैल सोडण्याआधी गाडी फिरवायची.

दिवाळी झाली नि आम्ही निघालो. पहिले चार दिवस गाडीवान चिडला. दिवसभर हाकून दमलेले बैल, आणि मुक्कामाला पोचल्यावर ही प्रदक्षिणा. पाचव्या दिवशी मी पाहिलं, तर कुणी न सांगताच तो सूर्य बघून गाडी वळवत होता. पुढं पुढं त्याला त्याचा अभिमान वाटायला लागला. ढग आले तर गावच्या माणसाला विचारायचा, की तुमच्याकडे दिवस कुठून उगवतो, आणि उत्तर चुकीचं वाटलं तर त्याच्याशी वाद घालायचा.

आणखी एक झालं, जे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आधी हे गावात शिरले की बाया पोरं लपवून ठेवायच्या. आता गाडीच्या दारात एक बाई चुलीशी बसलेली दिसायची, तुळस दिसायची. बाया आधी चूल बघायला यायच्या, मग पाटा बघायला, मग कडेवरच्या पोराचा दंड आपण होऊन पुढं व्हायचा. ठाण्याच्या साहेबानं म्हणे विचारलं, की यंदा इतकी मुलं कशी टोचली. हे काय सांगणार? भाताचा वास, म्हणून?

आता तुला एक खरं सांगते. एक दिवस गाडी फिरली नाही. मुरबाडपलीकडे एका ओढ्याकाठी, दोन्हीकडे शेतांचे बांध, गाडीला वळायला जागाच नव्हती. गाडीवानानं पुष्कळ खटपट केली. शेवटी मी मावळतीकडे तोंड करून रांधलं, आणि देवाचं नाव घेत यांना वाढलं. यांनी भात दोनदा मागून घेतला, वर ताक प्यायले, नि घोरायला लागले. दुसऱ्या दिवशी सहा कोस चालले.

शिमग्याला घरी आलो. सासूबाई अंगणात उभ्याच होत्या. त्यांनी आधी यांचं मनगट धरलं, मग गाल चाचपला, मग बंडी ओढून पाहिली. ती पोटावर घट्ट बसली होती. त्यांनी इतका मोठा श्वास सोडला, की मला तो गाडीत ऐकू आला. मग माझ्याकडे वळल्या. "रोज फिरवलीत?"

खोटं बोलता आलं असतं. पण नाही बोलवलं. म्हटलं, "एक दिवस राहिली."

"मग?"

"त्या दिवशी त्यांनी भात दोनदा घेतला."

त्या वळून आत गेल्या. मी पाय धुऊन मागोमाग गेले, तर त्या घरच्या चुलीपाशी बसलेल्या. शेणाचा गोळा घेऊन तिला सारवत होत्या, कडेकडेनं, सावकाश, लहान मुलाला न्हाऊ घालावं तशा. मला पाहून म्हणाल्या, "मीच हिला उगीच बदनाम केलं गं. हिनं कुणाला नेलं नव्हतं." त्यानंतर त्या चुलीला शिवी दिलेली मी कधी ऐकली नाही. आणि गाडी मात्र दर मुक्कामाला फिरवायलाच लावली, शेवटपर्यंत. ते का, हे मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

अकरा हिवाळे त्या घरात काढले आम्ही. तुझ्या वडिलांनी पहिलं पाऊल टाकलं ते त्याच चार बोटांच्या उंबऱ्याला धरून. पुढं यांची बदली कचेरीत झाली, गाडी मोडीत निघाली. एक बाक तेवढं मी मागून घेतलं; पडवीत तू लहानपणी झोपायचीस ना दुपारची, तेच ते.

आत्ता हे त्याच बाकावर बसलेत आणि मी काय लिहिते ते वाकून वाचताहेत. त्यांचं म्हणणं, भात करपायचा हे खरं, पण वर कच्चा राहायचा हे आजीचं पदरचं. मी म्हणते, मी खाल्लाय. आता याचा निवाडा कुणी तिसऱ्यानंच करायला हवा. तेव्हा तुझ्या सासूबाईंची परवानगी काढ, आणि या पौर्णिमेच्या आत ये. येशील त्या दिवशी सकाळी यांनाच भात टाकायला लावते. सकाळच्या गाडीनं निघालीस तर जेवायच्या वेळेला पोचशील, फक्त येताना उंबऱ्यात पाय उचलून ये.